पंजाबरावच्या गाडीचा रोडगा

बडनेऱ्याच्या पंजाबरावले हवेचा भारी राग. आता तुमी म्हनसान, हवेचा बी कोनी राग करते का बाप्पा? हा मानूस करते. घरात पंखा सुरू केला तरी खुर्ची बाजूले सरकवते. अन् त्याचं बी काई चुकत नाई. सारी नोकरी त्याची मालगाडीचा गार्ड म्हनून गेली. गार्ड म्हनजे गाडीच्या शेवटच्या डब्यात एकला बसनारा मानूस. इंजन कुठी हाय थे त्याले दिसत बी नाई. पुढं कोळशाचे डबेच डबे, अन् त्यायच्यावरून उडत येनारी सारी धूळ याच्या तोंडात. उन्हाळ्यात गरम झावा, हिवाळ्यात गारठा. डोक्यावरचे केस त्या वाऱ्यानंच नेले असं तो सांगते. ज्योत्स्ना, म्हनजे त्याची बायको, म्हनते का केस लग्नाच्या टायमालेच कमी होते, फेट्यात झाकून आनले होते.

नोकरीच काय, लहानपनी बैलगाडीत बी तो मांगंच बसे, पाय लोंबकळत. पुढं मोठा भाऊ, कासरा त्याच्या हाती. लग्नाच्या फोटोत बी पंजाबरावच्या पुढं मामसासरा उभा हाय, नवरदेवाचा अर्धा कानच दिसते.

म्हनून रिटायर झाल्याबरोबर त्यानं गाडी घेतली. लहानशी, पांढरी, पुढून गोल अन् मांगून कापल्यासारखी, जशी उकडलेल्या अंड्याची अर्धी फोड. एसी हाय, मांगचं दाखवनारा क्यामेरा हाय, अन् आत एक बाई बसवली हाय जे दिसत नाई, निस्ती बोलते. ‘कृपया बेल्ट लावा’ म्हनते. पंजाबराव लगेच लावते. बायको म्हने का बाहेर थंडी हाय, मफलर लावा, तं याले ऐकूच येत नोतं इतके दिवस.

गाडी साठीत शिकला तो. शिकोनारा पोरगा म्हने, काका, स्टेरिंग गळा दाबल्यासारखं नका धरू. पन यानं धरलं तं धरलंच. अन् गाडीचे कायदे केले. काच खाली कराची नाई. आत काई खायाचं नाई. चपला झटकून बसाचं. अन् सगळ्यात मोठा कायदा, गाडी चालू असतानी बोलाचं नाई, ध्यान जाते. ज्योत्स्ना त्या गाडीत अशी बसे का जसं तिले ऑपरेशनले नेऊन राह्यले.

गाडी घरी आली का पातूरच्या टेकडीवरच्या देवीले रोडगा करीन, असं पंजाबराव कबूल करून बसला होता. रोडगा म्हनजे आपल्या वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं सुख. कनकीचे गोळे गोवऱ्याच्या आरात भाजाचे, तुपात बुडवाचे, संगं वांग्याची भाजी अन् वरन. देवीले निवद, अन् मानसायले झोप येईपर्यंत जेवन. तं माघातल्या एका रविवारी सारे जमाचं ठरलं. अकोल्याहून ज्योत्स्नाची मोठी बहीन चंदाबाई, तिचा नवरा नत्थुजी अन् दोघी बहिनीयची माय, म्हनजे पंजाबरावच्या सासूबाई, गोदाबाईले घ्याचं, अन् सकाऊनच पातूरले निंगाचं.

नत्थुजी म्हनजे पंजाबरावचा साळभाऊ, दोघी बहिनीयचे हे दोघं नवरे. साळभाऊ साळभाऊचं कसं असते थे तुमाले सांगा लागत नाई. एकाच घरचे जवाई, अन् सासू कोनाले दोन पोळ्या जास्त वाढते यावर दोघायचीबी नजर. नत्थुजीचं अकोल्यात गाड्याच्या सामानाचं दुकान. मानूस गरीब, हसतमुख, कोनाच्या अध्यातमध्यात नाई. पंजाबरावले त्याचाच जास्त राग येये. भांडखोर साळभाऊ असता तं भांडता तरी आलं असतं.

रस्ताभर पंजाबरावनं मनात सारं पाहून ठेवलं होतं. आपन गल्लीत शिरू. होरन वाजवू, एकच डाव, हळू. चंदाबाई आरतीचं ताट घेऊन येईन, गाडीच्या तोंडाले कुंकू लावीन. नत्थुजी चाकाले हात लावून म्हनन, वा पंजाबराव. मंग आपन म्हनू, घेतली आपली साधीच.

गल्लीत शिरला तं गल्ली भरून मानसं. पंजाबरावचा ऊर भरून आला. म्हने चंदाबाईनं सगळ्यायले सांगतलेलं दिसते. होरन वाजवलं तं कोनी मान वळवली नाई. आनखी एक डाव वाजवलं, तं शेजारची माणिकबाई म्हने, “अवो थांबा ना, दिसत नाई का गाडी पाहून राह्यलो आमी!”

मधात उभी होती एक लाल गाडी. लांबलचक, जुन्या जमान्यातली, पुढं दोन गोल डोळ्यासारखे दिवे, चाकायले चांदीवानी चकत्या. अन् वरून उघडी. टपच नाई. टपाचं कापड घडी करून मांगं ठेवलेलं, जशी बाईनं डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकावा.

पंजाबरावले आठोलं. नत्थुजीच्या घरामांगं ताडपत्रीखाली काईतरी झाकलेलं असे. आजवर त्याले वाटे का जुना कूलर हाय. तेल्हाऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडात ही गाडी सडून राह्यली होती म्हने, कोंबड्या त्यात अंडे घालत. नत्थुजीनं थे उचलून आनली अन् दर रविवारी एकेक पुर्जा लावत बसला. कोनाले सांगतलं नाई, का झाली नाई तं लोक हासतीन.

“या पंजाबराव!” नत्थुजी फडक्यानं हात पुसत आला. “म्हनलं तुमच्या नव्या गाडीच्या मुहूर्तावर आपली बी काढू. शुभ दिवस हाय.”

पंजाबराव हासला. त्याचं थे हासू पाहून ज्योत्स्नानं समजून घेतलं का याले आता दिवसभर सोडा द्या लागते.

‘रोडगा माहा, अन् यानं आपली पोळी भाजून घेतली,’ पंजाबराव मनात म्हने.

माणिकबाई जवळ आली. “यातली नवी कोन्ती हो?”

“हे. पांढरी.”

“असं का? मंग सारे लालच कावून पाहून राह्यले?”

पंजाबराव सरळ लाल गाडीजवळ गेला, अन् इनिसपेक्टर डब्याभवती फिरते तसा भवती फिरला. “नत्थुजी, एसी हाय का याले?”

“हाय ना. वरूनच येते.”

“मांगचं कसं दिसते? क्यामेरा?”

“मान फिरवली का दिसते.”

“अन् ठोकली बिकली तं? एअरबॅग?”

नत्थुजीनं आपल्या पोटावर हात ठेवला. “हे हाय ना.”

सारी गल्ली हासली. ज्योत्स्ना बी हासली. पंजाबरावनं सगळ्यायचं हासनं सोडलं अन् तेवढं एकच मनात धरून ठेवलं.

मंग सामान भराची येळ आली. गंज-भांडे, कनिक, वांगे, तुपाचा डबा, सारं पांढऱ्या गाडीच्या डिक्कीत नीट बसलं. डिक्कीत खाली पंजाबरावनं जुनी चादर टाकली होती, चादरीखाली पेपर, पेपराखाली कंपनीचं प्लास्टिक तसंच. आता राह्यला गोवऱ्याचा पोता. चंदाबाईनं थो ओढत आनला.

“हे काय?”

“गोवऱ्या. मंग रोडगे का तुमच्या एसीवर भाजाचे, जवाईबुवा?”

“माह्या गाडीत शेन?”

“अवो वाळलेलं हाय.”

“वास धरते सीट. नाई म्हनजे नाई.”

आता मला सांगा, रोडगा याचा, देवी याची, गाडी याची, अन् गोवऱ्या घ्याले हा तयार नाई. पूर्ण वऱ्हाडात असा मानूस दुसरा सापडाचा नाई. नत्थुजीनं काई न बोलता पोता उचलला अन् लाल गाडीच्या मांगच्या सीटवर पाहुन्यासारखा बसवला.

“उघड्या गाडीतून पोता पडन ना,” चंदाबाई म्हने. “कोनीतरी धरून बसा लागते.”

“मीच बसन,” ज्योत्स्ना म्हने. अन् तिनं मांगंपुढं पाह्यलं नाई. पदर खोचला अन् दरवाजा न उघडताच पाय टाकून आत. अवो पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखते म्हनून खाली बसून भाजी निवडत नाई!

पंजाबरावच्या वाट्याले आल्या सासूबाई. गोदाबाई पुढच्या सीटवर बसल्या, एसी लागला, तं म्हने, “थंडगार हाय वो बाप्पा, जशी रांजनात बसली.” पंजाबरावले वाटलं, चला, एक मानूस तरी आपल्याकडचं हाय. थे सांगाले त्यानं तोंड उघडलं तं गोदाबाई घोरून राह्यल्या होत्या.

पातूरच्या रस्त्याले लाल गाडी पुढं, पांढरी मांगं. लाल गाडीतले सारे तोंडाले दुपट्टे बांधून दरोडेखोर दिसत. पन रस्त्यावरचा एकेक मानूस थांबून पाहे. सायकलवाला थांबला. चहाच्या टपरीवरचे सारे उठून उभे राह्यले, एकानं तं हात जोडले, त्याले वाटलं मिरवनूक हाय. लाल गाडी निंगून गेली का थे लोक बसून जात. मांगून पांढरी येऊन राह्यली, थे कोनाले दिसेच ना.

‘सारी नोकरी मांगं काढली,’ पंजाबराव कुढे, ‘अन् आता सोताच्या रोडग्यात बी मांगंच.’

तेवढ्यात ज्योत्स्नाचा दुपट्टा सुटला. केस उडाले. एक हात पोत्यावर, एक हात चंदाबाईच्या खांद्यावर, मान मांगं टाकून थे हासून राह्यली होती. काचेआडून पंजाबरावले निस्तं तिचं तोंड दिसे, आवाज नाई. आत एसीची घरघर अन् सासूबाईची घरघर. इतकी कशानं हासून राह्यली हे? काय सांगून राह्यला असन तो नत्थुजी? माह्या गाडीत बसून येवढे दिवस झाले, एक डाव दात दिसले नाईत. त्याचं आंग असं जळाले लागलं का एसी दोन घर वाढोला, तरी थांबेना.

शेवटी त्यानं इकडंतिकडं पाह्यलं, सासूबाई झोपल्या याची खात्री केली, अन् आपल्या बाजूची काच खाली केली. सोताचा कायदा सोतानंच मोडला, निस्तं बायकोचं हासू आयकाले. तं काय, फडफड वारा कानात घुसला अन् धूळ डोळ्यात. एक अक्षर कळलं नाई. वरून सासूबाई उठल्या. “काच उघडली का? बरं केलं. थे लाल गाडी कुठी हाय, मले पाहू द्या जरा.”

पंजाबरावनं काच लावली. अन् मंग त्यानं देवीले हात जोडले, मनातच, कारन स्टेरिंग सुटत नोतं. ‘माय, थे लाल गाडी बंद पाड. इथंच पाड. धक्का माराले लाव त्याले.’ दोन मिनिटं मन लावून मांगत राह्यला. मंग एकदम त्याले आठोलं का गोवऱ्या त्याच गाडीत हायेत. गाडी बंद पडली तं रोडगा कच्चा, अन् कबूल केलेला रोडगा कच्चा राह्यला तं देवी सोडन का? ‘नको माय, जाऊ दे. पातूरपर्यंत नीट जाऊ दे. येताना पाह्यजो.’

लाल गाडी नीट पोचली. येवढी नीट का टेकडीखाली आंब्याच्या झाडाजवळ अशी सावलीत उभी राह्यली, जशी तिच्यासाठीच झाड लावलं होतं. पांढरी उन्हात राह्यली.

निवद झाला. गोवऱ्या पेटल्या, आर पडला, रोडगे आरात गेले. देवीले आलेले दुसरे लोक लाल गाडीजवळ फोटो काढून राह्यले होते. एका नव्या जोडप्यानं तं नत्थुजीले बाजूले व्हाले सांगून सीटवर बसून फोटो काढला. पंजाबराव आराजवळ काडीनं रोडगे उलटत बसला. धूर डोळ्यात जाऊन राह्यला म्हनून डोळे लाल झाले, असं तो म्हने. आपन बी तसंच म्हनू.

चंदाबाई कढईत वांगे हालवतानी मोठ्यानं म्हने, “जवाईबुवा, ज्योत्स्नाले आज अकोल्याले ठेवून घेतो बरं का. बहिनी बहिनी बोलत बसू. परवा हे सोडून देतीन लाल गाडीत, पार तुमच्या बडनेऱ्याच्या घरापर्यंत.”

पंजाबरावच्या हातची काडी थांबली. डोळ्यासमोर सारी कॉलनी उभी राह्यली. ज्यायनं ज्यायनं त्याचे पेढे खाल्ले होते गाडीचे, थे सारे गच्चीवर. अन् खालून लाल उघडी गाडी येऊन राह्यली, त्यात केस उडवत बायको, अन् चालोनारा साळभाऊ. मंग बडनेऱ्यात राहाचं कसं?

“ज्योत्स्ना काय म्हनते?” त्यानं हळूच इचारलं.

“पाहू,” ज्योत्स्ना म्हने. अन् पाट्यावर मिरची वाटत राह्यली.

आता तुमाले सांगतो, ‘पाहू’ हा लय खराब शब्द हाय. ‘नाई’ म्हनलं तं भांडता येते, ‘हो’ म्हनलं तं रुसता येते. ‘पाहू’वर मानूस निस्ता लटकून राहाते. पंजाबराव सारं जेवन लटकून जेवला. सगळे बोटं चाटून राह्यले होते, अन् हा रोडग्याचा चुरा करून ताटाच्या कडेले ढकलून राह्यला होता. रोडगा कोनी असा खाते का? सासूबाईनं याले दोन डाव तूप वाढलं, अन् तिसऱ्या डावाले नत्थुजीच्या ताटात वाढलं. तेबी यानं मोजलं.

जेवन झाल्यावर तो हापशीवर हात धुवाले गेला अन् बराच येळ हातच धूत राह्यला. ज्योत्स्ना खरकटे भांडे घेऊन मांगून आली.

“काय हो, तोंड कावून उतरलं?”

“काई नाई. रोडगा जरा कच्चा होता.”

“रोडगा चांगला होता. तुमीच कच्चे हा.”

पंजाबरावनं हापशीचा दांडा धरला अन् उगाच हालवला. “जा तू अकोल्याले. बस त्या लाल गाडीत. हवा खा.”

“जाऊ?”

पंजाबरावनं आनखी एक डाव दांडा दाबला. मंग त्याच्या तोंडून निंगून गेलं, “काय सांगत होता तो येवढं?”

“कोन?”

“नत्थुजी. रस्त्यानं. तू हासून हासून पडत होती. म्या पाह्यलं काचेतून.”

ज्योत्स्नानं भांडे खाली ठेवले. “नत्थुजी? अवो थे गाडी चालोतानी तोंडच उघडत नाईत. माशा जाते म्हनतात तोंडात. मीच बोलून राह्यली होती.”

“तू? काय बोलून राह्यली होती?”

“तुमचंच. गाडीतली बाई बेल्ट लावा म्हनते तं तुमी कसं ‘हो जी’ म्हनता. कुत्रं आडवं आलं तं होरन वाजवाच्या आधी तुमी कसं ‘सरक भाऊ’ म्हनता. चंदाबाई तं पोटच धरून बसली.”

दिवसभर तो ज्या हासन्यावर जळत होता, थे हासनं त्याचंच निंगालं.

“म्हनजे तुमी दोघी माह्यावर हासून राह्यल्या होत्या?”

“मंग कोनावर हासू? दुसरा नवरा हाय का मले?”

त्यानं तिच्याकडं पाह्यलं. राग करावा का खुश व्हावं, त्याले कळेना. मंग म्हने, “असं होतं तं माह्या गाडीत हासाचं ना. इतके दिवस मुकी बसते.”

“तुमच्या गाडीत? बोलाची बंदी कोनी केली? ध्यान जाते म्हनून?”

पंजाबरावनं हापशीचा दांडा सोडला.

“माह्या पोटात येवढं बोलनं साचलं हाय ना, का त्या लाल गाडीत बसली तं फसफसून बाहेर आलं. तथी मले कोनी ‘शू’ म्हनत नाई.”

आंब्याखाली नत्थुजीनं लाल गाडी सुरू केली. चंदाबाईनं हाक मारली, “ज्योत्स्ना, येतं का वं?”

पंजाबरावनं ओले हात शर्टाले पुसले. “बरं. बोलत जा. हायवेले बोल. गावातून जातानी नको, गर्दी असते.”

“अन् पुलावर?”

“पुलावर बी नको.”

“मंग मी चालली.” तिनं भांडे उचलले.

“अवं थांब! बोल बाप्पा, पुलावर बी बोल. गावात बी बोल. चौकात निस्तं जरा हळू बोल.”

ज्योत्स्नानं वळून बहिनीले हात हालवला. “तुमी जा चंदाबाई! मी इकडूनच जाईन. कॉलनीत उद्यापासून दोन दिवस पानी येत नाई, आजच भरून ठेवा लागते.” खरं कारन तिनं सांगतलं नाई, थे चंदाबाईले कळलं, अन् नत्थुजीले बी कळलं. पंजाबरावले मात्र पान्याचंच खरं वाटलं, अन् त्याचं त्याले थोडं खुपलं बी.

सासूबाई लाल गाडीत गेल्या. थे दोघं पांढरीत. अन् ज्योत्स्ना जे सुरू झाली बाप्पा. पातूरपासून अकोल्यापर्यंत बहिनीच्या सुनेचं. अकोल्यात शेजारच्या माणिकबाईचं. अकोला सुटल्यावर लाल गाडीचं, अन् थे काई संपेना. सीट कशी मऊ हाय, आर्सा कसा गोल हाय, दिव्याचं बटन ओढाचं असते दाबाचं नसते, वळतानी कशी पाळन्यासारखी झुकते. पंजाबराव स्टेरिंग धरून आयकत राह्यला. ध्यान बिलकुल गेलं नाई त्याचं. एकेक अक्षर बरोबर काळजावर बसत होतं.

बोरगाव मंजूच्या पुढं त्यानं इचारलंच. “मंग कोन्ती चांगली? खरं सांग.”

“थे लाल,” ज्योत्स्ना म्हने. सोचलं बी नाई बाईनं.

मुर्तिजापूर येईपर्यंत पंजाबराव स्टेरिंगचा गळा दाबत राह्यला. थे बोलतच राह्यली. मंग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“अन् ॲव्हरेज?”

“काय?”

“लिटरमंधी किती चालते थे? हे इचारलं का तू?”

“नाई बा.”

“इचारा लागत होतं ना वं!”

ज्योत्स्नानं तथीच चंदाबाईले फोन लावला. पंजाबरावनं गाडी हळू केली, कान तिकडं. इकडून निस्तं “हो का?”, “अस्सं?”, “पुन्हा?” आयकू येये.

“काय म्हने?”

“घरी पोचलेच नाईत. पेट्रोल पंपावर उभे हायेत. सकाऊन टाकी भरली होती म्हने, सारी पिऊन गेली थे लाल. नत्थुजी डोक्याले हात लावून बसले.”

पंजाबराव हासला. दिवसभरात पहिल्यांदा, खराखुरा, पोटातून. येवढा हासला का गाडी दोन्हीकडं डुलली अन् त्याले भान राह्यलं नाई. “पाह्यलं? पाह्यलं का तू? अन् ही अजून अर्धी बी रिकामी नाई झाली!”

“पाह्यलं ना,” ज्योत्स्ना म्हने. “अन् चंदाबाई म्हने, येत्या रविवारी बडनेऱ्याले येतो आमी. लाल गाडी घेऊन.”

पंजाबरावचं हासू जथीच्या तथी राह्यलं.

“येऊ दे,” मंग म्हने. “पन कॉलनीत उभी कराले जागा नाई म्हन. पार बाहेर, मेन रोडले उभी करा लागन. तथून रिक्षानं या म्हन.”